खोक्यावरचा बागुलबुवा आणि पटावरची धास्ती

विचारलेला प्रश्न असा आहे: एका गाजलेल्या भयपटावर बेतलेला, घरात दडलेला खुनी शोधून काढण्याचा बोर्ड गेम घ्यायचा आहे, खोक्यावर अंधारे घर, तडा गेलेली बाहुली आणि ‘१४+’ असा शिक्का आहे, खेळणारे पाच जण असून त्यांत एक ११ वर्षांची भाची आहे, मोठ्यांना डाव मिळमिळीत वाटू नये आणि तिची झोपही उडू नये, तर खेळ खरोखर भीतिदायक आहे की नुसता तसा दिसतो, हे आधीच कसे ओळखावे?

खोक्यावरून ते ओळखता येत नाही, नियमपुस्तिकेवरून येते, आणि त्यासाठी खेळ विकत घेण्याचीही गरज नसते, कारण पुष्कळसे प्रकाशक आपल्या खेळांची नियमपुस्तिका संकेतस्थळावर मोफत ठेवतात. गेली सोळा वर्षे मी एका खेळमंडळात डाव मांडण्याचे आणि नवे खेळ पारखण्याचे काम करते आहे. या काळात कवट्या, कोळिष्टके आणि रक्ताचे ओघळ यांनी सजलेले कितीतरी खेळ टेबलावर आले आणि भिडूंनी ते सापशिडी खेळावी इतक्या निर्धास्तपणे संपवले. उलट, पटावर नुसते निळे पाणी आणि पिवळी वाळू असलेल्या एका खेळाने भल्याभल्यांचे आवाज खाली आणले. चित्र भीतीचे आश्वासन देते. ते पाळायचे की नाही हे नियम ठरवतात.

आधी त्या ‘१४+’चा उलगडा करून टाकू, कारण त्याने पालक विनाकारण बिचकतात. अमेरिकेत २००८ च्या कायद्यानुसार १२ वर्षे व त्याखालील मुलांसाठी म्हणून बनवलेल्या वस्तूंची त्रयस्थ प्रयोगशाळेकडून सुरक्षा-चाचणी करून घ्यावी लागते, आणि युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार १४ वर्षांखालील मुलांनी खेळावी म्हणून आणलेली वस्तू ‘खेळणे’ ठरते व तिला खेळण्यांचे सगळे नियम लागू होतात. हा खर्च आणि खटाटोप टाळण्यासाठी अनेक प्रकाशक, विशेषतः छोटे, सरळ ‘१४+’ छापून मोकळे होतात. त्यामुळे तो आकडा रंगातल्या रसायनांविषयी आणि सुट्या भागांविषयी जितके बोलतो, तितके खेळातल्या भयाविषयी बोलत नाही.

मूळ चित्रपटाच्या श्रेणीवरून अंदाज बांधणेही असेच फसवे आहे. १९७९ च्या ‘एलियन’ या चित्रपटाला अमेरिकेत ‘आर’ श्रेणी मिळाली होती, म्हणजे १७ वर्षांखालील प्रेक्षकाने मोठ्या माणसाबरोबरच तो पाहायचा. त्याच चित्रपटावर २०२१ मध्ये निघालेल्या ‘एलियन: फेट ऑफ द नॉस्ट्रोमो’ या खेळाच्या खोक्यावर मात्र १०+ आहे, आणि ते योग्यही आहे. या खेळात कोणी मरत नाही. सगळ्यांचे मिळून एकच मनोबल असते. परग्रहावरचा प्राणी समोर आला की ते घसरते आणि ज्याची गाठ पडली त्याने काही खोल्या दूर पळायचे असते. मनोबल शून्यावर आले की सगळेच हरले. नियमांनी रक्तपात काढून टाकला आहे आणि तरीही धास्ती शिल्लक ठेवली आहे, ती कशी ते पुढे येईलच.

‘भीतिदायक’ हा एकच शब्द वापरल्यामुळे पारख करताना घोटाळा होतो. आपल्या भाषेत दचकणे वेगळे, किळस वेगळी आणि धास्तावणे वेगळे. चित्रपटाला तिन्ही साधतात, कारण आवाज आणि चित्र दोन्ही त्याच्या ताब्यात असतात आणि काय केव्हा दाखवायचे ते तोच ठरवतो. बोर्ड गेममध्ये पत्ता आपणच उलटतो, सोंगटी आपणच सरकवतो, घड्याळ आपल्याच हातात असते; त्यामुळे दचकवणे त्याला क्वचितच जमते. किळस चित्रांतून येते, पण दुसऱ्या डावापर्यंत ती विरते, कारण तीच चित्रे पुन्हा पुन्हा हाताळली जातात. उरते धास्ती: काहीतरी येणार आहे, ते कुठून येईल ठाऊक नाही, आणि पुढची चाल आपल्यालाच करायची आहे. ही मात्र चित्रपटापेक्षाही बोर्ड गेमला अधिक साधते, कारण चित्रपटातली नायिका तळघराचा दरवाजा उघडते तेव्हा आपण तिला दूषणे देऊ शकतो, आणि खेळात तो दरवाजा आपण स्वतः उघडलेला असतो.

म्हणून मी कोणतीही नियमपुस्तिका वाचताना पहिला शोध झाकलेल्या गोष्टींचा घेते. काय पालथे ठेवले आहे, ते कोणाला माहीत आहे, आणि ते उलगडण्याची किंमत कोण देणार आहे? वर सांगितलेल्या, नॉस्ट्रोमो या अंतराळजहाजावरच्या खेळात खोल्यांमध्ये पालथी टोकने पडलेली असतात. खोलीत शिरलात की टोकन उलटायचे. कधी काहीच नसते, कधी तो प्राणी असतो, आणि कधी जहाजावरची मांजर असते. मांजर निघाली तरी मनोबल थोडे घसरते, म्हणजे खोट्या धक्क्याचीही किंमत मोजावी लागते. एवढ्याशा नियमामुळे भिडू टोकन झटकन न उलटता बोटाने कडेला धरून ठेवतात आणि शेजारच्याकडे बघतात. ते क्षणभर थांबलेले बोट म्हणजे माझ्या लेखी खरी पावती. कितीही सुबक बनवलेला राक्षस ते करवून घेऊ शकत नाही.

याच्या उलट उदाहरण २०१९ च्या ‘हॉरिफाइड’चे. जुन्या युनिव्हर्सल चित्रपटांतले ड्रॅक्युला, ममी, लांडगामानव असे सगळे मानकरी त्यात हजर आहेत, खेळ सुबक आहे, आणि मी तो आनंदाने मांडते. पण भीतीच्या नावाने शून्य. सगळे राक्षस पटावर उघडे उभे असतात, ते साधारण कोणाकडे सरकतील ते कळते, आणि गाठलेच तर भिडू रुग्णालयातून पुन्हा खेळात येतो. त्यातल्या अदृश्य माणसाचीही सोंगटी पटावर सर्वांना दिसते, यावर मी दर वेळी हसते. हा खेळ म्हणजे राक्षसांची वेशभूषा केलेले एक चांगले कोडे आहे, आणि लहान मुलांना घेऊन बसायला म्हणूनच उत्तम आहे.

दुसरी कसोटी मी लपंडाव आणि शिवाशिवीतून उचलली आहे: या खेळात भोज्जा आहे का? जिथे पोहोचले की आपल्याला कोणी काही करू शकत नाही अशी जागा, अशी पाळी किंवा असा पत्ता नियमांत असेल, तर भीतीला तळ मिळतो आणि मुलेही ती पेलू शकतात. भोज्जा नसेल तर डाव अंगावर येतो. आणि भोज्जा असूनही तो डावाच्या मध्येच मोडून पडत असेल, तर मोठ्यांचीही पाचावर धारण बसते. १९७५ च्या ‘जॉज’ या शार्कच्या चित्रपटावर २०१९ मध्ये निघालेला खेळ या दृष्टीने मुळातून पाहण्यासारखा आहे. तो दोन अंकांचा आहे. पहिल्या अंकात एक भिडू शार्क होतो, पण पटावर शार्कची सोंगटी नसते. तो आपल्या चाली वहीवर लिहितो. बाकीचे शार्कचा पाठलाग करणाऱ्या तिघांची कामे वाटून घेतात, पाण्यात पिंपे टाकतात, दुर्बिणीने किनारा न्याहाळतात. शार्कची पाळी संपली की तो भिडू एवढेच म्हणतो, “पूर्वेचा किनारा, दोघे,” आणि पटावरून पोहणाऱ्यांची दोन टोकने उचलून स्वतःपुढे ठेवतो. तो टोकने ठेवतो त्याचा बारीकसा आवाज येतो आणि टेबलाभोवती कोणी बोलत नाही. याच पटाचा मी वर उल्लेख केला.

या अंकात पाठलाग करणाऱ्यांना स्वतःला इजा होत नाही. भोज्जा त्यांच्या पायाखालीच आहे आणि भीती दुसऱ्यांच्या जिवाची आहे. दुसऱ्या अंकात पट बदलून बोट येते, शार्कची सोंगटी दिसू लागते, तो कुठे डोके वर काढू शकेल अशा तीन जागा आधीच समोर मांडलेल्या असतात, आणि त्यांतली एक तो गुपचूप निवडतो. अज्ञात आटले, पण बोटीचे तुकडे एकेक करून फुटू लागतात, म्हणजे भोज्जाच मोडतो. माझा अनुभव असा की इथे धास्ती संपते आणि धांदल सुरू होते. लोक ओरडतात, हसतात, उभे राहतात. ज्यांना भय हवे आहे त्यांना पहिला अंक आवडतो आणि ज्यांना थरार हवा आहे त्यांना दुसरा, आणि त्यावरून आमच्या मंडळात अजून वाद होतात.

रहस्य असले की भय आपोआप येते, हा समज मात्र साफ चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये १९४९ साली बाजारात आलेल्या ‘क्लूडो’त ६ संशयित, ६ हत्यारे आणि ९ खोल्या असतात, म्हणजे उत्तराच्या ३२४ शक्यता. त्यांतली एक लिफाफ्यात बंद असते आणि बाकीच्या खोडत जायच्या. यात खून आहे, वाडा आहे, गुप्त वाटा आहेत, आणि तरीही कोणाच्या पोटात गोळा येत नाही, कारण खून डाव सुरू होण्याआधीच होऊन गेलेला असतो आणि पुढे आणखी कोणाचे काही होणार नसते. गंमत म्हणजे खुनी आपलीच सोंगटी निघू शकते आणि तिने आपले काहीच बिघडत नाही. भूतकाळातला अपराध शोधणे हे कोडे आहे. अपराध अजून चालू असेल आणि प्रत्येक चुकीच्या अंदाजानंतर कोणाचा तरी नंबर लागणार असेल, तर ते भय आहे. आपण घेऊ पाहता त्या खेळात खून आधीच झालेला आहे की डाव चालू असताना होत राहतात, हे नियमपुस्तिकेच्या पहिल्या दोन पानांतच कळेल, आणि माझ्या मते निम्मे उत्तर तिथेच मिळेल.

बोलण्यावरच्या बंधनाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण वातावरण बनवण्याची ती सर्वांत स्वस्त युक्ती आहे. २०१५ च्या ‘मिस्टेरियम’मध्ये एक भिडू भूत होतो आणि त्याने अवाक्षर काढायचे नसते; तो इतरांना विचित्र चित्रांचे पत्ते स्वप्न म्हणून देतो आणि ते त्यावरून माणूस, जागा व वस्तू ओळखतात. भुताकडून कोणालाही धोका नसतो, उलट ते बिचारे मदतच करत असते. तरीही एरवी बडबड्या असलेला माणूस पडद्याआड बसून तासभर नुसता बघत राहतो, याचे ओझे टेबलावर जाणवते. भय पेलत नाही पण गूढ हवे आहे, अशा मंडळींना मी हाच खेळ सुचवते. त्याची गोडी भूत होणाऱ्यावर अवलंबून असते; भूत खुदकन हसले की सगळे ओसरते.

आता त्या प्रकाराकडे येऊ ज्याबद्दल मी पालकांना आवर्जून सावध करते. काही खेळांत भीती पटावर नसतेच, ती शेजारच्या खुर्चीत असते. १९८२ च्या ‘द थिंग’ या चित्रपटावर २०१७ मध्ये आलेल्या खेळात भिडूंपैकी कोणी तरी माणसाचे सोंग घेतलेला परका जीव असतो, आणि सगळा डाव कोणावर विश्वास ठेवायचा यावर चालतो. २००४ च्या ‘बिट्रेयल ॲट हाउस ऑन द हिल’मध्ये सुरुवातीला सगळे मिळून एक जुने घर धुंडाळतात, आणि फाशांवर ठरणाऱ्या एका अनिश्चित क्षणी पन्नास कथांपैकी एक सुरू होते, जिच्यात बहुधा आपल्यातलाच एक जण फितूर होतो. तेव्हा फितुराने आपली पुस्तिका घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे असते. दार ओढले जाते, आतून पाने उलटल्याचा आवाज येतो, आणि बाहेर राहिलेले आपली पुस्तिका कुजबुजत वाचतात. तो मनुष्य परत येऊन आपल्या जागी बसतो तेव्हा पाच मिनिटांपूर्वीचा तो राहिलेला नसतो. मोठ्यांना यासारखी मजा नाही. पण मुलांच्या मनात घरी जाताना राहते ते भूत नव्हे. जो मामा रोज खरे बोलतो तो दोन तास डोळ्याला डोळा देऊन खोटे बोलला, हे राहते. एका मुलाने डाव संपल्यावर वडिलांना तीनदा विचारले होते, “आता खरं सांगताय ना?” त्यानंतर मी १२ वर्षांखालच्या मुलांना लपलेल्या फितुराच्या खेळात बसवायचे थांबवले. हा माझा नियम आहे, शास्त्र नव्हे. काही मुलांना खोटे बोलणारे मोठे लोक फार विनोदी वाटतात.

घड्याळाविषयी थोडेच सांगते. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात निघालेल्या ‘नाइटमेअर’ या खेळाबरोबर ६० मिनिटांची व्हिडिओ कॅसेट येत असे. तीतला द्वारपाल मध्येच उगवून भिडूंवर खेकसायचा, आणि कॅसेट संपेपर्यंत कोणी जिंकले नाही तर तोच जिंकायचा. प्रत्येकाने आपली सर्वांत मोठी भीती चिठ्ठीवर लिहून पटाच्या मध्यावरच्या खळग्यात टाकायची, हा त्यातला भाग मला आजही हुशारीचा वाटतो. आज तो द्वारपाल पाहून हसू येते, पण न थांबणारे घड्याळ आणि केव्हा येईल ते न कळणारा व्यत्यय यांची जोडी अजून काम करते, आणि ॲपवर चालणारे कित्येक नवे खेळ तीच वापरतात.

भय मारणाऱ्या गोष्टी मात्र बहुतेक वेळा कंटाळवाण्या आणि हिशेबी असतात. पाच जण खेळत असतील आणि प्रत्येक पाळीला दोन मिनिटे लागत असतील, तर आपली पाळी येईपर्यंत आठ मिनिटे जातात, आणि आठ मिनिटे धास्ती टिकवून धरणारा खेळ मी अजून पाहिलेला नाही. मेलेल्या भिडूला डावाबाहेर बसवणारे खेळही असेच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात, कारण तो फोन काढतो आणि त्या उजेडात सगळी जादू विरते. नियमांचा भार हा तिसरा मारेकरी: ‘बोर्डगेमगीक’ या संकेतस्थळावर खेळाच्या अवघडपणाचा १ ते ५ असा निर्देशांक असतो, आणि तो ३ च्या वर असेल तर पहिल्या डावात तरी भीतीची अपेक्षा धरू नये, कारण सगळ्यांचे लक्ष नियम आठवण्यात गुंतलेले असते. दिवे घालवून भीती आणण्याचा मोह होतो, पण पत्त्यावरची बारीक अक्षरे दिसेनाशी झाली की “हे काय लिहिलंय?” या प्रश्नाने दर मिनिटाला वातावरण फुटते. पटावर एक स्वच्छ दिवा आणि बाकी खोली मंद, एवढे पुरते.

चित्रपटाचे नाव मिरवणाऱ्या खेळांची आणखी एक खोड आहे. काही वेळा जुनाच सांगाडा घेऊन त्यावर चित्रपटातली छायाचित्रे चिकटवलेली असतात. असा एक खेळ मी स्वतः मोठ्या उत्साहाने घेतला आणि तिसऱ्या पाळीला लक्षात आले की आपण फासे टाकून आधी पोहोचण्याची शर्यत खेळतो आहोत. खुनी पाठीमागे आहे हे फक्त पत्त्याच्या पाठीवर छापलेले होते. तेव्हापासून मी नियम वाचताना सगळी विशेषनामे मनातल्या मनात खोडते: खुनी म्हणजे ‘क’, तळघर म्हणजे ‘चौकोन ७’, चाकू म्हणजे ‘लाल पत्ता’. इतके कोरडे केल्यावरही चौकोन ७ मध्ये पाऊल टाकायला मन धजत नसेल, तर तो खेळ खरा. शिवाय चित्रपट पाहिलेल्याला खुनी कोण ते आधीच माहीत असते. तेव्हा दर डावाला खुनी बदलतो का, हेही पाहून घ्यावे.

आपण सांगितलेल्या माहितीपुरते बोलायचे तर बाहुली, अंधारे घर आणि १४+ यांतले काहीच मी जमेस धरणार नाही. नियमपुस्तिकेत खून डाव सुरू होण्यापूर्वी झालेला असेल, पाचही जण एकाच बाजूने शोध घेणार असतील आणि हरल्यावर सगळे एकदम हरत असतील, तर खेळ निःशंकपणे घ्यावा. भाचीला फार तर पत्त्यांवरच्या चित्रांचा त्रास होईल, म्हणून गठ्ठा आदल्या दिवशी चाळून दोन-चार ओंगळ पत्ते बाजूला ठेवावेत, मात्र डाव सुटण्यासाठी ते आवश्यक नाहीत एवढे तपासावे. मोठ्यांसाठी त्यात पालथ्या पत्त्यांचा अंश पुरेसा आहे ना, हेही बघावे. खुनी पाच जणांतलाच एक असेल, तर हा खेळ मोठ्यांच्या वेगळ्या बैठकीसाठी राखावा. मधली वाट म्हणजे एकाने उघडपणे खुनी व्हायचे आणि बाकी चौघांनी त्याला शोधायचे असा खेळ. तसा निघाला तर खुनी भाचीलाच करावे. पडद्याआडून चार मोठ्या माणसांना चाचपडताना पाहणाऱ्या मुलाला भीती वाटल्याचे मी अजून पाहिलेले नाही, आणि त्या चौघांची अवस्था मात्र बघण्यासारखी होते.